दुसऱ्याचा भाग

अजूनही दोघांनी मिळून केलेला अर्ज टेबलावर आला की मी आधी शेवटचं पान उघडतो आणि दोन्ही सह्या एकाच पेनाने झाल्यात का ते पाहतो. एकाच पेनाने असतील तर दोघं निदान एका टेबलाशी बसले होते, एवढं तरी कळतं. शाई वेगळी असेल तर एकाने सही ठोकून अर्ज शिपायाबरोबर दुसऱ्याकडे धाडला, असं धरून चालायचं. ही युक्ती मुकादम मॅडमची. बावीस वर्षं मी विद्यापीठाच्या नोकरीत आहे, त्यातली अकरा संशोधन कक्षात. या काळात कामाच्या म्हणून ज्या दोन-चार गोष्टी मला कळल्या, त्यातल्या निम्म्या या बाईंनी शिकवल्या. उरलेल्या निम्म्या त्यांच्याशी भांडताना कळल्या.

आमचं विद्यापीठ दरवर्षी स्वतःच्या निधीतून प्राध्यापकांना संशोधनासाठी पैसे देतं. अट एकच, पण मोठी. अर्ज एकट्याने करायचा नाही. निदान दोघं हवीत आणि ती दोन वेगळ्या विभागांतली हवीत. 'आंतरविद्याशाखीय सहयोगी संशोधन' असं या योजनेचं भारदस्त नाव आहे. आम्ही कक्षात 'जोडीची योजना' म्हणतो. हेतू चांगलाच होता. रसायनवाल्याने समाजशास्त्रवाल्याशी बोलावं, इंजिनीअरने वाणिज्यवाल्याचं ऐकावं, असा. प्रत्यक्षात शेवटची तारीख चार दिवसांवर आली की कँटीनमध्ये जोड्या जमायच्या. "सर, तुम्ही फक्त सही द्या, बाकी सगळं मी बघतो." समोरचा इडली खाता खाता सही करायचा. आपण कशावर संशोधन करणार आहोत हे त्याला मंजुरीच्या पत्रावरून कळायचं. वर्षाअखेर दोन वेगळे निबंध एका पिनेने जोडून आमच्याकडे यायचे आणि मी त्यावर 'प्राप्त' असा शिक्का मारायचो. माझी काही तक्रार नव्हती. शिक्का मारणं हे माझं काम होतं आणि ते मी वेळच्या वेळी करत होतो.

मग कुलगुरूंनी या योजनेच्या छाननी समितीचं निमंत्रकपद मुकादम मॅडमकडे दिलं, आणि माझे सुखाचे दिवस संपले.

डॉ. शहनाज मुकादम रसायनशास्त्राच्या. मूळच्या रायगडच्या किनाऱ्यावरच्या एका गावातल्या, राहायला वाशीच्या जुन्या सेक्टरात. उंची बेताची, चष्मा जाड, डोक्यावरची ओढणी सतत घसरणारी आणि ती सावरायला हात कधीच रिकामा नसणारा. पायात काळे स्पोर्ट्स शूज, आणि त्यांच्या कडेला बारा महिने वाळलेला चिखल. खाडीतला चिखल हा त्यांचा विषय होता. त्यात काय काय मुरलंय ते शोधण्यात त्यांची हयात गेली. त्यांच्या पर्समध्ये पावडरचा डबा नसे, प्लॅस्टिकच्या झाकणांच्या बाटल्या असत. एकदा आमच्या बैठकीतल्या चहाच्या ट्रेवर त्यांनी तीन बाटल्या ओळीने मांडल्या आणि "ही वाशीची, ही बेलापूरची, ही उरणकडची, वास घेऊन बघा," असं म्हणून ट्रे फिरवला. बिस्किटं तशीच राहिली.

बैठका त्या भरती-ओहोटी पाहून लावायच्या. आमच्या भिंतीवर विद्यापीठाचं छापील कॅलेंडर होतं, त्याच्या शेजारी त्यांनी भरतीचा तक्ता चिकटवला. "जाधव, गुरुवारी सकाळी अकराला पाणी उतरलेलं असेल, मी खाडीवर असणार. बैठक तीनला ठेवा." मी म्हटलं, "मॅडम, अधिष्ठाता साहेबांना अकराचीच वेळ सोयीची आहे." त्या म्हणाल्या, "मग त्यांना म्हणावं, समुद्राशी बोलून घ्या." मी अधिष्ठात्यांना अर्थातच असं काही सांगितलं नाही. तांत्रिक कारणास्तव वेळ बदलली आहे, असं कळवलं. पुढची सात वर्षं ही तांत्रिक कारणं दर पंधरवड्याने येत राहिली आणि कोणीही विचारलं नाही की हे कसलं तंत्र.

त्यांनी आल्या आल्या एक नियम केला. कागदावर तो कुठेच नव्हता, पण समितीतल्या सगळ्यांनी मान डोलावली, कारण मान न डोलावणाऱ्याशी मॅडम दोन-दोन तास बोलायच्या. नियम असा: सादरीकरणाच्या दिवशी प्रत्येकाने स्वतःचा भाग सांगायचा नाही, दुसऱ्याचा भाग सांगायचा. रसायनवाल्याने समाजशास्त्र मांडायचं, समाजशास्त्रवाल्याने रसायन. ज्याचा भाग चाललाय त्याने तोंड बंद ठेवायचं.

पहिला बळी यंत्र अभियांत्रिकीच्या सबनीस सरांचा गेला. सबनीस म्हणजे विद्यापीठातलं वजनदार प्रस्थ. त्यांनी वाणिज्य विभागातल्या एका बाईंना जोडीला घेऊन वाशीच्या मार्केटात पोती चढवण्याचं यंत्र करायचा प्रस्ताव दिला होता. यंत्र सबनीसांचं, व्यापारी आणि माथाडी यांचा अभ्यास बाईंचा. मॅडम म्हणाल्या, "सर, जरा माथाड्यांचा भाग सांगा."

"तो भाग मॅडम बघतात," सबनीस म्हणाले.

"मग तुम्ही काय बघता?"

"यंत्र."

"यंत्र कोण वापरणार?"

सबनीसांनी शेजारच्या बाईंकडे पाहिलं. बाई नियमानुसार गप्प बसल्या होत्या. "तेही मॅडमच बघतात," ते म्हणाले, आणि खोलीत हसू पिकलं. मुकादम मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी पेन्सिल काढली आणि अर्जाच्या समासात दोन शब्द लिहिले: परिचय नाही. अर्ज परत गेला. त्या दिवसापासून हे दोन शब्द कॅम्पसभर झाले. लायब्ररीत दोन प्राध्यापकांनी एकमेकांना ओळख दाखवली नाही तरी कोणीतरी मागून म्हणायचं, "परिचय नाही."

बैठक संपल्यावर फाइली गोळा करत होतो तर मॅडमनी विचारलं, "जाधव, तुमचे वडील काय करायचे?"

"मार्केटात माथाडी होते. साताऱ्याहून आलेले."

"पोतं उचलताना आधी कुठला पाय पुढे टाकायचे?"

मी विचार करून पाहिला. मला आठवेना. माझे वडील तीस वर्षं पोती वाहत होते आणि मी एकदाही पाहिलं नव्हतं की पाय कुठला. मी तसं सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "बघा. आणि आपण सबनीसांना हसतो." खरं सांगायचं तर मी हसलो नव्हतो. पण ते सांगण्यात तेव्हा काही अर्थ नव्हता.

सबनीसांविषयी एक गोष्ट सांगायला हवी. माणूस अहंकारी, पण मूर्ख नव्हता. पुढच्या वर्षी ते त्या वाणिज्यच्या बाईंबरोबर महिनाभर पहाटे मार्केटात जात होते. यंत्राचा नाद त्यांनी सोडून दिला. ट्रकच्या फळीच्या उंचीला जुळणारा एक साधा लाकडी चौथरा केला, आणि माथाड्यांनी तो वापरला. सादरीकरणात सबनीसांनी माथाड्यांचा भाग असा सांगितला की ऐकताना मला माझ्या घरची आठवण आली. मॅडमनी अर्ज मंजूर केला, कौतुकाचा शब्द मात्र काढला नाही. त्या कोणाचंच तोंडावर कौतुक करत नसत. आवडलं की फक्त "चालेल" म्हणायच्या, आणि त्या 'चालेल'साठी लोक वर्षभर राबायचे.

असंच एकदा फिजिओथेरपीच्या एका तरुण मॅडम आणि भूगोलाचे कांबळे सर अशी जोडी आली. विषय होता न्हावा शेवाच्या रस्त्यावर कंटेनरची वाट बघत तासन् तास ट्रकमध्ये बसून राहणाऱ्या ड्रायव्हरांची कंबर. ती दोघं आधी एकदा नापास झाली होती. "आधी एकमेकांच्या विभागात जाऊन चहा पिऊन या," असा मॅडमचा ठरलेला सल्ला त्यांना मिळाला होता आणि त्यांनी तो मनावर घेतला होता. दुसऱ्या खेपेला कांबळे सर, वय वर्षं त्रेपन्न, शर्ट खोचलेला, थेट बैठकीच्या टेबलावर आडवे झाले आणि सीटवर मणका कुठे दबतो ते स्वतःच्या अंगावर दाखवू लागले. फिजिओच्या मॅडमनी ट्रक कुठल्या वेळी कुठल्या फाट्यावर अडतात ते फळ्यावर नकाशा काढून सांगितलं. कांबळे सरांना टेबलावरून उठताना उसण भरली ती गोष्ट वेगळी. मॅडम म्हणाल्या, "चालेल." मग म्हणाल्या, "आधी यांना उठवा कोणीतरी."

हे सगळं वाचून कोणाला वाटेल की बाई फार थोर. मला तसं वाटत नाही. त्यांच्या नियमापायी काही लोकांचं नुकसान झालं. दोन तरुण प्राध्यापकांची बढती लांबली. एकजण माझ्या टेबलासमोर बसून रडला, आणि त्याचं कामही वाईट नव्हतं. त्याची अर्जातली जोडीदार बाळंतपणाच्या रजेवर होती आणि बिचाऱ्याला तिचा भाग धड सांगता आला नाही. मी मॅडमना म्हटलं, "एवढं ताणू नका." त्या म्हणाल्या, "टेन्शन नका घेऊ जाधव. एकदा सोडलं की उद्या सगळ्यांच्या बायका बाळंत होतील." असं बोलायला नको होतं, पण बोलल्या. आपलं चुकलं असं त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं. ऐकलं ते एकदाच, आणि तेच सांगण्यासाठी एवढं लिहितोय.

निवृत्तीला सव्वा वर्ष उरलं तेव्हा मॅडमनी निमंत्रकपद सोडलं. कारण साधं होतं. समितीवर असताना स्वतः अर्ज करता येत नाही, आणि त्यांना एक अर्ज करायचा होता. नोकरीचं निदान एक वर्ष शिल्लक असलेल्यालाच निधी मिळतो, त्यामुळे ही त्यांची पहिली आणि शेवटची संधी होती. जोडीदार होते समाजशास्त्राचे महेश घरत. पस्तिशीचे, हुशार, खाडीकाठच्या एका आगरी गावातले. त्यांच्या गावची मिठागरं कधीच बंद पडली. काहींवर आता रस्ते आहेत, काहींवर खारफुटीची तिवरं वाढलीत. पण मिठागरात राबलेली काही म्हातारी माणसं अजून होती. मीठ पिकवायच्या आधी मिठागराची जमीन पायांनी तुडवून घट्ट करावी लागते. पिढ्यान् पिढ्या ते केल्यामुळे या लोकांना तळपायाने चिखल ओळखता यायचा. हा पाणी धरतो, हा सोडतो, यावर मीठ काळं पडतं, यात झाड जगतं. प्रत्येकाला वेगळं नाव. ती नावं मी इथे लिहीत नाही. ती घरतांच्या अहवालात येतील आणि मला त्यांचा उच्चारही धड जमत नाही.

कल्पना अशी की घरतांनी म्हाताऱ्यांकडून नावं आणि लक्षणं गोळा करायची, मॅडमनी त्याच चिखलाची प्रयोगशाळेत तपासणी करायची, आणि दोन्ही शेजारी मांडायचं. खाडीकाठी हौसेने लावलेली तिवरांची रोपं मरतात, कारण कुठे लावावी हे कोणाला नीट माहीत नसतं. म्हाताऱ्यांना ते माहीत होतं. पण म्हातारे एकेक करून चालले होते.

नवे निमंत्रक झाले सबनीस. जानेवारीच्या शेवटी सादरीकरण ठरलं. सबनीस आता जुना वचपा काढणार, अशी कँटीनमध्ये पैज लागली होती. मला तसं वाटत नव्हतं. ते उलट मला आधीच म्हणाले होते, "जाधव, मंजुरीचं पत्र टाइप करून ठेवा. मुकादमबाईंना कोण नापास करणार?"

आधी घरत उठले आणि रसायनाचा भाग सांगितला. सुंदर सांगितला. मग मॅडम उठल्या आणि समाजशास्त्राचा भाग सांगू लागल्या. बारा माहितगार, त्यांची वयं, गावं, कोणाला कसं विचारायचं, कोणाची परवानगी कशी घ्यायची, सगळं पाठ. अशा अभ्यासात माणसांची नावं लपवून त्यांना क्रमांक देतात. मॅडम म्हणाल्या, "यातला माहितगार क्रमांक एक सर्वांत महत्त्वाचा. वय अठ्ठ्याहत्तर. डोळे गेलेले आहेत, पण बाकीच्यांना पाच-सहा प्रकार सांगता येतात तिथे याला अकरा सांगता येतात. साखरेमुळे पायांना सूज आहे. त्यामुळे वेळ कमी आहे."

सबनीसांनी सहज विचारलं. कुत्सितपणा नव्हता, मी समोर होतो. "मॅडम, नाव नको. पण माणूस कसा आहे? तुमची भेट झाली असेल ना?"

"नाही," मॅडम म्हणाल्या. "तो भाग घरत बघतात."

वाक्य तोंडातून गेलं आणि त्या थांबल्या. खोलीत कोणी हसलं नाही.  सबनीसांनी घाईघाईने कागद चाळल्यासारखं केलं आणि म्हणाले, "ठीक आहे, ठीक आहे, ते काय पुढे होईलच. आपण मंजूर करू."

मॅडमनी हात पुढे केला. "जाधव, फाइल द्या."

मी दिली नाही. सात वर्षांत पहिल्यांदा मी त्यांचं ऐकलं नाही. मग त्यांनी स्वतःच टेबलावर वाकून फाइल ओढली, पर्समधून पेन्सिल काढली आणि स्वतःच्या अर्जाच्या समासात ते दोन शब्द लिहिले. "माझं चुकलं," त्या म्हणाल्या. "सात वर्षं मी लोकांना परत पाठवलं आणि स्वतः आकडा पाठ करून आले. हे मंजूर केलंत तर त्या सगळ्यांना मी काय सांगू?"

"मॅडम, असं करू नका," घरत म्हणाले.  मॅडम फाइल ठेवून बाहेर गेल्या. घरत मागोमाग धावले, आणि मी त्यांच्या मागे.

कॉरिडॉरमध्ये घरतांचा आवाज चढला. विद्यापीठात ते आमच्यासारखंच मराठी बोलत. त्या दिवशी गावची बोली तोंडातून आली. "तो एक नंबर माझा बाप हाय, मॅडम! मीच लपवला. घरचा मानूस धरला तर समिती नाय बोलंल, म्हनून. तुमच्या नियमापायी आता ते कोन लिहून घेनार? पुढच्या वर्षी तुमी नाय, आनी बाप पन नाय!"

 मॅडम जिना उतरून गेल्या. मला त्यांचा भयंकर राग आला होता. एका म्हाताऱ्याच्या पायात जे होतं ते वाचवायचं सोडून बाई स्वतःची पाटी स्वच्छ करत बसल्या, असं मला वाटलं. आजही थोडं वाटतं. बाराही म्हाताऱ्यांकडे जायला वाहन, तपासण्या, लिहून घेणारा माणूस, सगळं निधीवर अवलंबून होतं. मी टाइप केलेलं मंजुरीचं पत्र फाडून टाकलं.

पुढचे चार महिने घरत मॅडमशी बोलले नाहीत. मॅडम रोज प्रयोगशाळेत यायच्या, ओहोटीला खाडीवर जायच्या, पण घरतांच्या गावाकडे फिरकल्या नाहीत. मी एकदा विचारलं, "जाऊन का येत नाही?" त्या म्हणाल्या, "कोणत्या तोंडाने जाऊ? त्याने बोलवायला तर हवं." आणि घरत मला म्हणाले, "मी कशाला बोलवू? त्यांना यायचं तर येतील." दोघंही पीएचडी. दोघांचा माझ्यावर विश्वास होता, म्हणून दोघांनीही हे मला वेगवेगळं सांगितलं. मी मधे पडायला हवं होतं. ते माझं काम नाही, असं म्हणून मी पडलो नाही. या गोष्टीत माझा दोष असेल तर तो हा.

जूनच्या सुरुवातीला घरतांचे वडील घरातच पडले आणि चार दिवस दवाखान्यात होते. ते घरी आल्यावर मी मॅडमना एवढंच कळवलं. दुसऱ्या दिवशी त्या चिकू आणि बेकरीतले बटर घेऊन घरतांच्या घरी गेल्या. पुढचं घरतांनी मला सांगितलं. म्हातारा ओटीवर खाटेवर होता. त्याला गावात नामाबाबा म्हणत. मॅडम समोर बसल्या आणि म्हणाल्या, "बाबा, मी मुकादम. महेशबरोबर काम करते. भेटायला उशीर झाला."

"मुकादम? दर्यावरची तू," नामाबाबा म्हणाला. "तुमच्या मचव्यांत मीठ आमीच भरला. बस. चा पी."

चहा पिऊन झाल्यावर मॅडमनी पर्समधली बाटली काढून चिखल त्याच्या हातावर ठेवला. म्हातारा हसला. "हातानं काय कलतं? पाय सोड खाली. माझे नाय, तुझे."

तेव्हापासून मॅडम आठवड्यातून तीनदा जायला लागल्या. निधी नव्हता, माणूस नव्हता. बाकीच्या अकरा जणांकडे जाणं काही जमलं नाही. एकटा नामाबाबा. घरत घमेल्यातून चिखल आणून ओटीवर ठेवायचे. मॅडम शूज काढून, सलवार वर खोचून घमेल्यात उभ्या राहायच्या आणि म्हातारा विचारायचा, "बोल, काय वाटतं?" चुकलं की म्हणायचा, "नाय. परत." नाव तो आधी कधीच सांगायचा नाही. पायाला कळल्याशिवाय नाव सांगणं म्हणजे फुकट गेलं, असं त्याचं मत होतं. मॅडमनी एकदा जोर केला, "बाबा, सगळी नावं निदान लिहून तरी घेते." तो म्हणाला, "लिहून काय करशील? पाय लाव, मंग सांगतो." माझ्या माहितीत मॅडमना गप्प करणारा हा एकच माणूस.

गणपतीपर्यंत मॅडमना दहा आले. अकरावा राहिला. तो चिखल पावसात नसतोच. मिठाच्या हंगामात, चैत्राच्या उन्हात वरचा थर सुटायला लागतो तेव्हाच तो खाली मिळतो. "उन्हात ये," नामाबाबा म्हणाला होता. "तवा दावतो." म्हणजे ज्या चार महिन्यांत ही दोन शहाणी माणसं एकमेकांच्या निमंत्रणाची वाट बघत होती, त्यातच त्या चिखलाचा हंगाम होता. नवरात्रात नामाबाबा गेला. मॅडम अंत्ययात्रेला गेल्या होत्या असं ऐकलं. मी गेलो नाही.

पुढच्या जानेवारीत घरतांनी नव्याने अर्ज केला. जोडीला रसायनातली अश्विनी, नुकतीच लागलेली. सादरीकरणात तिने घरतांचा भाग सांगितला. ती गावात जाऊन आली होती, घरी जेवली होती, नामाबाबाचा फोटो कुठल्या भिंतीवर आहे हेही तिला माहीत होतं. सबनीसांनी तिला खोदून खोदून विचारलं आणि मग म्हणाले, "चालेल." माहितगारांच्या यादीत आता क्रमांक एकवर एक निवृत्तीला आलेली प्राध्यापिका होती. त्या दहा प्रकारांची नावं पायाने सांगू शकणारं गावात दुसरं कोणी उरलं नव्हतं.

निधी दिला की आमच्या कक्षाने एकदा प्रत्यक्ष पाहणी करायची असते. मी एप्रिलमध्ये गेलो, मॅडम निवृत्त होऊन पंधरा दिवस झाले होते. जुन्या मिठागराच्या बांधावर घरत टोपी घालून उभे होते, अश्विनी पिशव्या आणि चिठ्ठ्या घेऊन बसली होती. मॅडम खाली चिखलात होत्या, अनवाणी, डोळे मिटलेले. सवयीने ओढणी सावरायला गेल्या आणि हात चिखलाचा आहे म्हणून तशीच सोडून दिली. एक पाऊल टाकायच्या, थांबायच्या, नाव सांगायच्या. अश्विनी चिठ्ठी लिहून पिशवी भरायची. सगळं शांतपणे चाललं होतं. मी नोंदवहीत तसं लिहूनही टाकलं.

मग एका जागी मॅडम थांबल्या त्या थांबल्याच. ऊन मी म्हणत होतं. त्यांनी पायाची बोटं चिखलात रोवली, टाच दाबली, पाय उचलून परत ठेवला. अश्विनी वाट बघत होती. शेवटी तिने विचारलं, "मॅडम, काय लिहू?"

मॅडमनी डोळे उघडले नाहीत. "हा तो अकरावा आहे," त्या म्हणाल्या. "यात मी कधी उभी राहिले नाही."

"मग काय लिहू?"

"लिही, नाव माहीत नाही." मग म्हणाल्या, "पुढे लिही, मुकादम उशिरा आली."

अश्विनीने पहिलं लिहिलं. दुसरं लिहायचं की नाही ते तिला कळेना, तिने घरतांकडे पाहिलं.  घरत चप्पल काढून खाली उतरले, मॅडमच्या हाताला धरून त्यांना बांधावर आणलं, बसवलं, आणि पाण्याचा कॅन तिरका करून त्यांच्या पायांवर हळूहळू पाणी ओतत राहिले.